आधी बाहुलीवर हात बसू द्या

नमस्कार श्रोतेहो. खऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी बाहुलीवर किंवा यंत्रावर करायचा सराव, म्हणजेच सिम्युलेशन, हा आजचा विषय.

हा विषय निघाला की चर्चा होते ती व्हीआर, म्हणजे आभासी दृश्यं दाखवणाऱ्या चष्म्यांची आणि महागड्या पुतळ्यांची. मला मात्र मादाम द्यु कुद्रे ही अठराव्या शतकातली फ्रेंच सुईण आठवते. कापड आणि चामडं वापरून तिनं बाळंतिणीचा पुतळा केला, सोबत कापडी बाळ. १७५९ साली पंधराव्या लुई राजानं तिच्यावर काम सोपवलं आणि पुढची वीसेक वर्षं ती फ्रान्सभर खेडोपाडीच्या बायकांना शिकवत फिरली. वाचता न येणाऱ्या बायकांच्या हातांना तिनं आडव्या बाळाची सुटका शिकवली.

तिचीच परंपरा चालवणारी ‘मामानॅटली’ ही बाळंतिणीची बाहुली आज आहे. नॉर्वेतल्या लेर्डाल कंपनीनं ती केली. शिकवणारी सिस्टर ती पोटावर बांधते. आत बाळ, वार आणि लाल पाण्याची पिशवी. बाळ येतं, वार पडते आणि सिस्टर कुणाला न कळता रक्ताची तोटी उघडते. आता इंटर्ननं पोटावर हात ठेवून ओळखायचं की गर्भपिशवी मऊ पडली आहे, म्हणून रक्त जातंय. मदतीला हाक मारायची, गर्भपिशवी चोळायची, ती आकसवणारं ऑक्सिटोसिन हे औषध द्यायचं आणि दिलं हे मोठ्यानं सांगायचं. पिशवी नीट चोळली नाही, तर सिस्टर रक्त थांबवत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी व्हीआर जरूर वापरा, पण तळहाताला लागणारा तो मऊपणा चष्म्यात दिसत नाही.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम कौशल्यांवर आधारलेला आहे आणि कॉलेजात स्किल लॅब, म्हणजे बाहुल्यांवर सराव करायच्या खोल्या, आल्या. फार चांगलं झालं. पण बाई अडते ती रात्री दोन वाजता, तालुक्याच्या रुग्णालयात. तिथं डॉक्टर वेगळे, सिस्टर वेगळ्या, मदतीला एखादी मावशी. या सगळ्यांनी एकत्र सराव करायचा तो त्यांच्याच लेबर रूममध्ये. माझ्या मते सिम्युलेशनचं खरं भविष्य तिथं आहे. आठवड्यातून एकदा, ड्युटी बदलताना, पंधरा मिनिटं पुरतात. त्यानंतर सगळ्यांनी बसून कुठं अडलं ते बोलायचं, कुणालाही न रागावता. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. फ्रिजची किल्ली रात्री कुणाकडे असते, हा प्रश्न लॅबमध्ये कधीच पुढे येत नाही. लेबर रूममधल्या पहिल्याच सरावात येतो.

म्हणून नव्या यंत्राच्या खरेदीआधी, असा सराव घेणाऱ्या सिस्टर तयार करण्यावर पैसा खर्च व्हावा, त्यांना त्यासाठी ड्युटीतून वेळ मिळावा. श्रोत्यांपैकी कुणी आपल्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर असाल, तर येत्या बैठकीत विचारा: आपल्या लेबर रूममध्ये रक्तस्रावाचा सराव शेवटचा कधी झाला? नमस्कार.