बीपी पडलं, म्हणजे नेमकं काय पडलं?

भूल चढल्यावर काही मिनिटांत बीपी खाली येतं आणि कुणीतरी हमखास सांगतं, "सलाइन जोरात सोडा." मला ही घाई खटकते. सर्जनने अजून चीरही दिलेली नाही, रक्ताचा थेंब सांडलेला नाही. मग कमी काय पडलं?

शरीरातलं साधारण दोन तृतीयांश रक्त धमन्यांत नसतं, शिरांमध्ये असतं. या शिरांच्या भिंती सिम्पथेटिक मज्जातंतूंनी (आपोआप काम करणाऱ्या) आवळून धरलेल्या असतात, म्हणून रक्त हृदयाकडे परततं. प्रोपोफॉल हे भुलेचं औषध ही पकड सैल करतं. धमन्याही रुंदावतात. एरवी बीपी उतरलं की नाडी वाढते, तो बॅरोरिफ्लेक्सही मंदावतो. त्यात व्हेंटिलेटर छातीत दाब निर्माण करतो, म्हणजे परतीची वाट आणखी अवघड. रक्त आहे तेवढंच आहे, ते मागे साचलंय. अशा वेळी भूल थोडी हलकी करणं, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या फिनाइलेफ्रिनचा छोटा डोस देणं हे मूळ कारणाला धरून आहे. आतड्याला पीळ पडून दोन दिवस उलट्या करत आलेला रुग्ण मात्र खरोखरच कोरडा असतो. त्याला सलाइन हवंच, आणि तेही भुलेच्या आधीपासून.

आता महाधमनीची झडप अरुंद झालेला रुग्ण घ्या. माझ्या मते भूलशास्त्राची खरी परीक्षा इथे होते. वर्षानुवर्षं अरुंद वाटेतून रक्त ढकलून डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची) भिंत जाड झालेली असते. जाड स्नायूला ऑक्सिजन जास्त लागतो, पण त्याला रक्त मिळतं ते मुख्यतः डायस्टोलमध्ये, हृदय सैल असताना आणि महाधमनीतल्या दाबाच्या जोरावर. तो दाब पडला की स्नायू उपाशी, उपाशी स्नायूचं आकुंचन दुबळं, आणि दाब आणखी खाली. हे चक्र फार वेगानं फिरतं. हृदय थांबलंच तर छाती दाबूनही त्या झडपेतून पुरेसं रक्त जात नाही. इथे एफेड्रिन हे बीपी वाढवणारं दुसरं औषध दिलं तर मॉनिटरवरचा आकडा सुधारेल, पण नाडीही वाढेल आणि डायस्टोल आखूड होईल. फिनाइलेफ्रिननेही तोच आकडा मिळतो, नाडी मात्र संथ राहते. आकडा एकच, पण त्या स्नायूच्या वाट्याला येणारं रक्त वेगळं.

नाडी संथ ठेवणं चांगलं, तर मग सगळ्यांनाच आधी बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी संथ करणारं औषध, का देऊ नये? हा प्रश्न नेहमी येतो, आणि रास्त आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या पॉइज चाचणीत 8,351 रुग्ण होते; हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रियांच्या काही तास आधी मेटोप्रोलॉल हा बीटा-ब्लॉकर सुरू करून पाहिला. हार्ट अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. औषधाच्या गटात बीपी जास्त वेळा पडलं होतं. रक्तस्राव झाला की नाडी वाढवून वेळ मारून नेणं ही शरीराची सोय असते, तीच आपण बंद केलेली असते. जो आधीपासून ही गोळी घेतोय, त्याची ती तोडायची नाही. नव्यानं सुरू करायचीच असेल, तर ऑपरेशनच्या सकाळी नव्हे.