एका कॉफीवर अख्खा दिवस

आत्ता आपण बर्लिनमध्ये ब्राइटशाइडप्लाट्झला उभे आहोत. तो बॉम्बने अर्धा उडालेला चर्चचा मनोरा बघायला सगळे येतात, फोटो काढतात आणि जातात. आपण त्याच्याकडे पाठ करूया. ही समोरची उंच बिल्डिंग म्हणजे युरोपा सेंटर, वर मर्सिडीजचा तारा आणि खाली दुकानं. इथेच होतं रोमानिशेस कॅफे, लेखक-कलाकारांचा अड्डा.

१९१६ ला सुरू झालं. इमारत फ्रान्झ श्वेख्टेनची, म्हणजे ज्याने ते चर्च बांधलं त्याचीच, त्यामुळे सगळं कसं जड जड, आणि कॉफीही काही फार ग्रेट नव्हती म्हणतात. पण एक कप घेऊन दिवसभर बसता यायचं, आणि खिशात पैसे नसलेल्या लेखकाला अजून काय हवं असतं सांगा!

आत दोन हॉल होते. छोटा वीसेक टेबलांचा, तिथे नाव कमावलेली मंडळी, चित्रकार माक्स स्लेफोग्ट वगैरे, आणि मोठा साठ-सत्तर टेबलांचा, तिथे बाकी सगळी पब्लिक. लोकांनी नावं काय ठेवली होती माहितेय? छोटा तो पोहणाऱ्यांचा हौद आणि मोठा तो न पोहणाऱ्यांचा! वर गॅलरीत बुद्धिबळाचे डाव रंगायचे. दारावर नीट्झ नावाचा दरवान, आणि म्हणे फारच कमी ऑर्डर करून जागा अडवणाऱ्याच्या टेबलावर गुपचूप एक कार्ड यायचं, बिल भरा आणि परत येऊ नका. खरं-खोटं देव जाणे, पण त्या कार्डाची धास्ती सगळ्यांना.

कवयित्री एल्झे लास्कर-श्यूलर इथे यायची, पत्रकार एगॉन एर्विन किश यायचा, कादंबरीकार योझेफ रोट, नाटककार ब्रेश्ट, आणि पुढे हॉलिवूड गाजवणारा बिली वाइल्डर, तो तेव्हा पोटापाण्यासाठी पेपरात लिहायचा. माशा कालेको दिवसा ऑफिसात टायपिंग वगैरे करायची आणि कविता लिहायची त्याच ऑफिसातल्या माणसांवर. लेखक एरिश केस्टनर तर या जागेला टॅलेंटची वेटिंग रूम म्हणायचा. आणि होतंच तसं, कारण कुठल्या पेपरात काय छापून येणार, कोणाला काम मिळणार, हे या टेबलांवरच कळायचं.

मार्च १९२७ मध्ये नाझींच्या टोळ्यांनी या रस्त्यावर धुडगूस घातला, तेव्हा कॅफेही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. १९३३ ला नाझींची सत्ता आली आणि मग गेस्टापोची, म्हणजे त्यांच्या गुप्त पोलिसांची, माणसंच इथे ठरलेलं टेबल धरून बसायला लागली. आता सांगा, शेजारी गेस्टापोवाला कान लावून बसलेला असताना कोण काय बोलणार? लास्कर-श्यूलर त्याच वर्षी स्वित्झर्लंडला गेली, रोट पॅरिसला, वाइल्डरही निघाला, कालेको १९३८ ला न्यूयॉर्कला. केस्टनर मात्र राहिला. १० मे १९३३ ला इथल्याच ओपर्नप्लाट्झ चौकात नाझींनी पुस्तकं जाळली ना, त्यात त्याचीही होती, आणि हा गर्दीत उभा राहून बघत होता.

कॅफे तसं चालूच होतं, कॉफीही मिळत होती. नोव्हेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात इमारत गेली, आणि १९६५ ला त्या जागेवर हे युरोपा सेंटर उघडलं.

चला, रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ, तिथून हा कोपरा नीट दिसतो.