एका गळाच्या दोन काठ्या

श्रोतेहो, नमस्कार.

माइक मास्करेन्हस. हे आडनाव ऐकून गोव्यातल्या आणि वसईतल्या श्रोत्यांना ओळखीचं कुणीतरी आठवलं असेल. आज ज्या माइकबद्दल बोलायचं आहे, तो मात्र कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो बंदरातला पोर्तुगीज तांडेल, 1932 सालच्या ‘टायगर शार्क’ या हॉलिवूडपटाचा नायक. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स. त्याच वर्षी त्यांचा ‘स्कारफेस’ही आला आणि नाव त्याचं जास्त झालं. माझ्या मनात घर करून आहे तो मात्र हा मासेमारांचा चित्रपट.

माइकची भूमिका एडवर्ड जी. रॉबिन्सन यांची. ‘लिटल सीझर’मधला गुंड म्हणून ते नुकतेच गाजले होते. इथे त्यांनी मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा आणि आपल्या कसबाचा अभिमान मिरवणारा दर्यावर्दी उभा केला आहे. बोट बुडाल्यावर माइक आणि त्याचा जिवलग दोस्त पाइप्स एका होडीत तग धरून राहतात, आणि तिथे शार्क माइकचा हात तोडतो. पुढे हाताच्या जागी लोखंडी आकडा लावून तो पुन्हा समुद्रावर जातो. त्याच्या बोटीवरचा एक म्हातारा खलाशी शार्कमुळेच जातो. त्याच्या मुलीला, क्विटाला, ही बातमी सांगायला माइक जातो, तिची काळजी घेऊ लागतो, तिच्यावर जीव लावतो. ती त्याच्याशी लग्न करते ते उपकाराच्या भावनेनं. आणि मन गुंततं पाइप्समध्ये.

गोष्ट एवढीच. त्रिकोण जुना आहे, आणि तो कुठेही बसवता येतो. वॉर्नर या चित्रपट कंपनीने 1941 साली ‘मॅनपॉवर’ नावाच्या चित्रपटात तो विजेच्या तारा ओढणाऱ्या कामगारांत बसवला, पुन्हा रॉबिन्सन यांनाच घेऊन. पण ‘टायगर शार्क’मध्ये जे आहे ते असं उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ते म्हणजे टूनाची मासेमारी.

टूना म्हणजे आपल्याकडचा कुपा, गेदर यांचं कुळ. त्या काळी सॅन डिएगोच्या बोटी तो जाळ्यानं नव्हे, काठीनं धरत. बोटीवर पाण्याच्या टाकीत जिवंत छोटी मासळी भरलेली असे, तारलीच्या जातीची. टूनाचा थवा दिसला की एक जण ती मूठमूठ पाण्यात फेकायचा. मासे वर यायचे, आमिषावर तुटून पडायचे. मग बोटीच्या कडेला बाहेरच्या बाजूनं टांगलेल्या लोखंडी फळ्यांवर माणसं उतरत. समुद्र त्यांच्या गुडघ्यांशी. हातात बांबूची जाड काठी, आखूड दोरी, आणि पिसं लावलेला गळ. या गळाला उलटा काटा नसे. मासा लागला की अंग मागे टाकून एका हिसक्यात तो डोक्यावरून डेकवर भिरकवायचा. तिथे तो आपोआप सुटतो आणि गळ क्षणात परत पाण्यात.

हे सगळं बोटीवर जाऊन खरं खरं चित्रित केलेलं आहे. ही दृश्यं चालू असताना कथा थांबते, आणि ती थांबलेली बरी वाटते. एकामागून एक चकाकते मासे हवेतून येतात, माणसं एका लयीत वाकतात, उठतात. तोल गेला तर खाली शार्क आहेतच, रक्ताच्या वासानं आलेले.

मासा फार मोठा असला तर या धंद्यात दोन माणसं दोन काठ्या घेऊन एकाच गळाला जोडून घेत. कधी तीन, कधी चार. सगळ्यांनी एका श्वासात ओढायचं. एकाचा हिसका चुकला की दुसऱ्याच्या खांद्याचं काही खरं नाही. मला माइक आणि पाइप्सची मैत्री कळली ती या कामातून. ज्या माणसाच्या हिसक्यावर आपला जीव रोज सोपवला, त्यानेच आपलं घर मोडलं, हे माइकला सोसवत नाही. नुसत्या मत्सरानं त्याचा शेवटचा संताप एवढा भयंकर झाला नसता. तो पाइप्सला शार्कच्या तोंडी द्यायला निघतो आणि भाल्याच्या दोरीत स्वतःचाच पाय अडकून समुद्रात ओढला जातो.

क्विटाबद्दल एक शब्द बोललंच पाहिजे. झिटा जोहान या अभिनेत्रीनं तिला थकलेल्या डोळ्यांची, सरळ बोलणारी बाई केलं आहे. आपलं प्रेम नाही हे ती माइकपासून लपवत नाही. आधार आणि प्रेम यांत तिला एकच निवडता येत होतं. बापाविना, पैशाविना बंदरावर राहणाऱ्या मुलीनं आधार निवडला. चित्रपट तिला दोष देत नाही, आणि 1932 साली हे मला मोठं वाटतं.

खटकतो तो शार्क. इथे तो निव्वळ वैरी आहे, दिसला की मारायचा. आज जगभर शार्कच्या कितीतरी जाती माणसाच्याच मासेमारीनं संकटात आल्या आहेत. हे ठाऊक असलेल्या माणसाला ती दृश्यं पाहवत नाहीत.

सॅन डिएगोतल्या काठ्या 1950 च्या दशकाच्या अखेरीस मागे पडल्या. नायलॉनची प्रचंड घेरजाळी आली, ती ओढायला यंत्रं आली. त्या जाळ्यांत टूनासोबत डॉल्फिन मरू लागले, आणि 1972 साली अमेरिकेला सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. पुढे तिथले डबाबंद मासळीचे कारखानेही बंद झाले.

काठीची मासेमारी संपली मात्र नाही. आपल्या लक्षद्वीपमध्ये, विशेषतः मिनिकॉय बेटावर, जिवंत आमिष टाकून काठीनं टूना धरतात. एका वेळी एक मासा. हवा तेवढाच येतो, बाकी समुद्र तसाच राहतो. ‘टायगर शार्क’ कुठे पाहायला मिळाला तर जरूर पाहा; सव्वा तासाचाच आहे. प्रेमकथेच्या ओढीनं बसलात तरी डेकवरच्या त्या दृश्यांना पुढे ढकलू नका.

नमस्कार.