स्पाउस व्हिसा आणि २९ हजार पाउंडांचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे २०२५ साली, इथं ब्रिटनमध्येच लेस्टरला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "मावशी, पगार वाढला! साडेसत्तावीस हजारांवरून साडेएकोणतीस. आता हिचा व्हिसा झालाच म्हणून समज." भाचेसून तेव्हा पुण्यात, माहेरी. लग्न होऊन आठ महिने झाले होते आणि दोघांचा संसार व्हिडिओ कॉलवर चालला होता.

आनंदात मिठाचा खडा टाकायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण विचारलं, "वाढीव पगाराच्या स्लिपा किती आहेत तुझ्याकडे?" तो म्हणाला, "एक."

तिथंच सगळी मेख आहे. ब्रिटनमध्ये नवऱ्याला किंवा बायकोला बोलावायचं, तर बोलावणाऱ्याकडे सहसा ब्रिटिश नागरिकत्व किंवा कायमच्या वास्तव्याचा परवाना लागतो. (वर्क व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचे नियम वेगळे, त्यांची इथं गल्लत करू नका.) आणि लागतं वर्षाला किमान २९,००० पाउंडांचं उत्पन्न, कर कापण्याआधीचं. २०१२च्या जुलैपासून हा आकडा १८,६०० होता. ११ एप्रिल २०२४ला तो एका उडीत २९,००० झाला. ३८,७०० करायचंही आधीच्या सरकारनं जाहीर केलं होतं, पण सरकार बदललं आणि ती पुढची वाढ थांबली. ११ एप्रिल २०२४च्या आधी ज्यांनी अर्ज केला होता, त्यांना त्याच जोडीदारासाठी जुनाच आकडा लागू राहतो.

पण २९,००० मिळतात एवढ्यानं भागत नाही. एकाच ठिकाणी सहा महिने किंवा जास्त नोकरी असेल, तर त्या सहा महिन्यांतला सगळ्यात कमी पगार धरतात. भाच्याच्या फाईलमध्ये पाच स्लिपा साडेसत्तावीसच्या दराच्या आणि एक साडेएकोणतीसच्या दराची. होम ऑफिसच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या ब्रिटिश गृहखात्याच्या हिशेबी त्याचा पगार साडेसत्तावीसच. वाढीव दराच्या सहा स्लिपा जमायला जुलैअखेर उजाडणार होती. नोकरी बदलून सहा महिने झाले नसतील, तर हिशेब आणखी निराळा: आजचा पगार २९,००० हवा आणि मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष झालेली, कर कापण्याआधीची मिळकतही तेवढी हवी. म्हणून अर्जाच्या तोंडावर "चांगली ऑफर आली" म्हणून नोकरी बदलणाऱ्याला मी आधी कॅलेंडर दाखवते.

मग बचतीचा पर्याय निघाला. त्याचं गणित ऐका. बचतीतले पहिले १६,००० पाउंड जमेतच धरत नाहीत, कारण तेवढी पुंजी असली की इथं गरजूंचे सरकारी भत्ते बंद होतात. त्यापुढची रक्कम अडीचनं भागायची, कारण व्हिसाचा टप्पा साधारण अडीच वर्षांचा. भाच्याला दीड हजार कमी पडत होते. त्याची अडीचपट पावणेचार हजार, अधिक १६,०००. म्हणजे १९,७५० पाउंड सहा महिने खात्यात पडून हवेत. उत्पन्न काहीच नसेल, तर हाच आकडा ८८,५०० वर जातो. आमच्या ताईनं लगेच विचारलं, "आम्ही पाठवतो इथून, मग परत करेल तो." नाही चालत. भेट चालते, कर्ज चालत नाही, आणि भेट मिळाल्यापासूनही सहा महिने मोजायचेच. घर किंवा जमीन विकून आलेला पैसा असेल आणि ती मालमत्ता आधीपासून आपल्या नावावर असेल, तर मात्र मालकीचा काळ त्यात धरतात.

धंदा करणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचं शेवटचं पूर्ण आर्थिक वर्ष बघतात, आणि बघतात ते करखात्याला दाखवलेला नफा. कर वाचवायला वर्षभर खर्च फुगवून दाखवायचे आणि व्हिसाच्या वेळी "खरं तर कमाई खूप आहे हो" म्हणायचं, हे जमत नाही. शिवाय धंद्याच्या उत्पन्नाला बचतीची जोडही देता येत नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. भाचेसून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, चांगल्या पगारावर. तिच्या त्या पगाराची या हिशेबात किंमत शून्य. परदेशातून अर्ज करणाऱ्याची परदेशातली नोकरी धरतच नाहीत. ती जर आधीपासून ब्रिटनमध्ये कामाची परवानगी असलेल्या व्हिसावर असती, तर तिचा इथला पगार धरला असता. ज्या बाईला "सरकारवर बोजा नको" म्हणून तपासायचं, तिची कमाईच बघायची नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

पण त्याच नियमांत एक खिडकी आहे. पगार नाही, तरी घरभाडं चालतं! घर ब्रिटनमधलं असो की भारतातलं, दोघांपैकी कुणाच्याही नावावर असो, फक्त त्यात स्वतः राहत नसावेत. भाचेसुनेचा लग्नाआधी घेतलेला एक छोटा फ्लॅट भाड्यानं दिलेला होता. महिना बावीस हजार रुपये.

रविवारी भाच्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही कागद मांडले. डावीकडे पे-स्लिप, उजवीकडे बँकेचं स्टेटमेंट, आणि स्लिपेवरची हातात येणारी रक्कम स्टेटमेंटमध्ये पेन्सिलीनं शोधायची. पेन्सपर्यंत जुळली पाहिजे. सहाच्या सहा जुळल्या. मग भाडं. बारा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये दहाच नोंदी! तिला फोन लावला. शांतपणे म्हणाली, "मावशी, पहिले दोन महिने भाडेकरू बाबांच्या खात्यावर टाकायचा." भाडं हवं अर्जदाराच्या किंवा जोडीदाराच्या खात्यात. ते दोन महिने गेले. उरलेले दोन लाख वीस हजार, पाउंडांत दोन हजारांच्या आसपास. साडेसत्तावीस हजारांत मिळवले आणि भाच्यानं पेन्सिल खाली ठेवली.

मालकीचा कागद, भाडेकरार, स्टेटमेंटं, भाच्याच्या कंपनीचं पत्र, सगळं लावून मार्चमध्ये अर्ज गेला. शेवटचा कागद अर्जाच्या आधीच्या २८ दिवसांतला हवा, म्हणून ताजं स्टेटमेंट पुन्हा काढलं. फी वेगळी, आणि त्यावर आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पाउंड, तीन वर्षांचा एकदम ३,१०५. ही रक्कम २९,००० मध्ये मोडत नाही, ती आधी बाजूला काढून ठेवा.

बोलावणाऱ्याला अपंगत्वाचा किंवा शुश्रूषेचा ठरावीक भत्ता मिळत असेल, तर २९,००० ची अटच नसते. घर चालण्यापुरतं उत्पन्न आहे का, एवढंच बघतात. आणि २०१७ साली इथल्या सुप्रीम कोर्टानं किमान उत्पन्नाची अट कायम ठेवली खरी, पण मुलांच्या हिताचा नीट विचार व्हायला हवा असं बजावलं. त्यानंतर अपवादात्मक परिस्थितीत इतर आधारही विचारात घ्यायची सोय नियमात आली. अशी प्रकरणं घरच्या घरी करू नका, नोंदणीकृत सल्लागार गाठा. मी सल्लागार नाही. परवान्याशिवाय इमिग्रेशनच्या सल्ल्याचा धंदा करणं इथं गुन्हा आहे, तेव्हा हे मावशीचे अनुभव समजा आणि अर्जाच्या दिवशी चालू नियम सरकारी संकेतस्थळावर पुन्हा वाचा.

भाचेसून आता लेस्टरला आहे, नोकरीही लागली. मुदतवाढीच्या वेळी तिचा इथला पगार धरला जाईल. पहिली पे-स्लिप आली त्याच संध्याकाळी तिनं नवी फाईल आणली, आणि स्लिपेला स्टेटमेंटचं पान टाचून आत ठेवलं.