माइक बंद होता, म्हणून?

नमस्कार श्रोतेहो.

आज एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. जेमतेम चार-पाच शब्दांचं वाक्य. बोलणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी गेली, आणि माझ्या मते ती जायलाच हवी होती.

ऑगस्ट २००६. कोलंबोचं पी. सारा ओव्हल मैदान. श्रीलंका विरुद्ध दक्षिण आफ्रिका, दुसरी कसोटी. आधीच्याच कसोटीत श्रीलंकेच्या जयवर्धने आणि संगकारा यांनी ६२४ धावांची भागीदारी रचली होती; क्रिकेटवेड्यांना तो आकडा तोंडपाठ असेल. या सामन्यात टेन स्पोर्ट्स वाहिनीसाठी समालोचन करत होता डीन जोन्स.

डीन जोन्स म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर १९८६चं चेन्नई येतं. तेव्हाचं मद्रास. सप्टेंबरचा जीव काढणारा उकाडा, आणि हा ऑस्ट्रेलियन पोरगा मैदानातच उलट्या करतोय, पुन्हा उभा राहतोय, पुन्हा खेळतोय. आठ तासांहून जास्त वेळ तो उभा होता. २१० धावा काढल्या, आणि मग त्याला रुग्णालयात नेऊन सलाईन लावावं लागलं. तो सामना टाय झाला, म्हणजे दोन्ही संघांच्या धावा सारख्याच झाल्या, कसोटीच्या इतिहासात दुसऱ्यांदाच. मी तो रेडिओवर ऐकला. समालोचक मध्येच गप्प व्हायचे आणि नुसता प्रेक्षकांचा आवाज यायचा. आताच्या समालोचकांना दोन क्षणांची शांतता सोसवत नाही, आणि तोंडाची टकळी सतत चालू ठेवणारा माणूस कधी ना कधी नको ते बोलून जातो, असं माझं पक्कं मत आहे. असो. सांगायचं एवढंच, की डीन जोन्स माझा आवडता खेळाडू. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सांगणं म्हणूनच अवघड जातं.

तर कोलंबो. सामन्याचा चौथा दिवस. दक्षिण आफ्रिकेचा हाशिम आमला, वय वर्षं २३, संघात नवखा. मूळ भारतीय घराणं, मुसलमान, छातीवर रुळणारी दाढी. संघाच्या कपड्यांवर बिअर कंपनीचं चिन्ह असायचं, ते मी लावणार नाही असं त्यानं नम्रपणे सांगितलं होतं आणि मंडळानं ते मानलं होतं. अशा या आमलानं संगकाराचा झेल घेतला. विकेट पडली, जाहिरातीचा ब्रेक झाला. माइक आता बंद असं समजून जोन्स म्हणाला, अतिरेक्याला आणखी एक विकेट मिळाली.

पण दक्षिण आफ्रिकेतल्या प्रक्षेपणात त्या वेळी जाहिरात लागलीच नव्हती. समालोचन चालूच होतं. आमलाच्या देशातल्या लोकांनी, त्याला घराघरांत ओळखणाऱ्यांनी ते वाक्य जसंच्या तसं ऐकलं. तक्रारी आल्या, आणि वाहिनीनं त्याच दिवशी जोन्सला काढलं. त्यानं माफी मागितली. बोललो ते मूर्खपणाचं होतं, असंवेदनशील होतं, असं कबूल केलं. पण सोबत हेही म्हणाला, की ते वाक्य कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

श्रोतेहो, या एका मुद्द्यावर मी थांबणार आहे, कारण असं काही घडलं की हाच बचाव पुढे येतो. माइक बंद होता. माइक बंद आहे असं वाटलं. अहो, माइकनं ते वाक्य तयार केलं नाही, त्यानं फक्त ते बाहेर पोचवलं. लाल दिवा विझल्यावर जो समालोचक एका तरुण खेळाडूला त्याच्या दाढीवरून अतिरेकी म्हणतो, तो दिवा लागल्यावर त्याच खेळाडूच्या फलंदाजीबद्दल बोलणार, आणि तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवायचा. तो विश्वास गेला. समालोचकाची खुर्ची त्या विश्वासावर उभी असते. म्हणून नोकरी गेली ते योग्य झालं.

मात्र बोलण्यातली प्रत्येक चूक नोकरी घालवण्याइतकी नसते. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी ‘आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय’ ही म्हण वापरली. सगळेच वापरतात. दुसऱ्या दिवशी एका दृष्टिहीन श्रोत्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ते म्हणाले, ‘मी रोज तुम्हालाच ऐकतो. काल तुम्ही मला मूर्ख म्हणालात.’ मी त्याच संध्याकाळी माइकवरून माफी मागितली. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ असं म्हटलं नाही. त्या ‘असल्यास’चा मला मनापासून राग आहे. भावना दुखावल्याचं कळलं म्हणूनच तर माफी मागतोय, मग ‘असल्यास’ कशाला? ती म्हण मी पुन्हा वापरली नाही.

नकळत झालेली चूक वेगळी आणि एखाद्याच्या जन्मावर, धर्मावर, वर्णावर केलेला वार वेगळा. चुकीला समज द्यावी. वाराला खुर्ची सोडावी लागावी. आणि तिसरा प्रकार आहे सवयीचा. त्यात निवेदक एकटा दोषी नसतो.

अमेरिकेत डॉन आयमस नावाचा रेडिओ निवेदक होता. वर्षानुवर्षं लोकांना टोचून बोलणं हीच त्याच्या कार्यक्रमाची खासियत, आणि स्टेशन त्यावरच कमवत होतं. ४ एप्रिल २००७ला त्यानं रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाबद्दल वर्णद्वेषी आणि बाईपणाचा अपमान करणारे शब्द वापरले. ते शब्द मी इथं उच्चारणार नाही. आदल्याच दिवशी त्या मुली अंतिम सामना हरल्या होत्या. आधी फक्त दोन आठवड्यांचं निलंबन जाहीर झालं. मग त्या मुली पत्रकारांसमोर येऊन बोलल्या, मोठमोठे जाहिरातदार बाहेर पडले, आणि १२ एप्रिलला ते स्टेशन चालवणाऱ्या सीबीएस रेडिओनं त्याला काढलं. आठ दिवस लागले. शब्द तर पहिल्या दिवशीही तेच होते! त्याच डिसेंबरात तो दुसऱ्या स्टेशनवर परतलाही.

बीबीसीचं २००८चं प्रकरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. रसेल ब्रँड आणि जोनाथन रॉस या निवेदकांनी एका वयोवृद्ध अभिनेत्याच्या फोनवर त्याच्या नातीबद्दल अश्लील निरोप ठेवले आणि ते बीबीसीच्या रेडिओ २ या केंद्रावर वाजवले गेले. कार्यक्रम थेट नव्हता, ध्वनिमुद्रित होता. नीट ऐका, ध्वनिमुद्रित होता! म्हणजे प्रसारणाआधी तो थांबवता आला असता. ब्रँडनं राजीनामा दिला, रॉसला १२ आठवडे बिनपगारी निलंबित केलं, आणि रेडिओ २च्या प्रमुख लेस्ली डग्लस यांनीही पद सोडलं. जबाबदारी वरच्या मजल्यापर्यंत गेली, हे मला पटतं. निवेदकाला एकट्याला दाराबाहेर काढून आत सगळं जसंच्या तसं चालू ठेवलं, तर पुढचा निवेदक तेच करतो.

मग गेलेल्यानं परत यावं की नाही? यावं, असं मला वाटतं. जोन्स परतला. समालोचनातही आला, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तो पाकिस्तानात गेला, इस्लामाबाद युनायटेडचा प्रशिक्षक झाला आणि त्या संघानं २०१६ आणि २०१८ अशा दोन वर्षी पाकिस्तान सुपर लीग जिंकली. कोलंबोत ज्यांच्यापैकी एकाला त्यानं अतिरेकी म्हटलं होतं, त्याच धर्माच्या तरुण पोरांसोबत तो राहिला, त्यांना शिकवत राहिला.

हाशिम आमला १२४ कसोटी खेळला. २०१२मध्ये त्यानं लंडनच्या ओव्हल मैदानावर नाबाद ३११ धावा केल्या, दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजाचं कसोटीतलं पहिलं त्रिशतक. डीन जोन्स सप्टेंबर २०२०मध्ये मुंबईत गेला, वयाच्या ५९व्या वर्षी. आयपीएलचं समालोचन करायला आला होता.