उन्हाळी म्हणून सोडून देऊ नका

श्रोतेहो, नमस्कार. गरोदरपणी लघवीला जळजळ झाली की, निपाणी असो वा खानापूर, आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्या-जिऱ्याचे पाणी दिले जाते. ते जरूर प्यावे. परंतु जंतुसंसर्ग त्याने जात नाही.

निपाणी भागातील विड्या वळणाऱ्या एका भगिनीची हकिगत सांगते. दुसऱ्या खेपेला, पाचव्या महिन्यात, ती तिसऱ्यांदा हाच त्रास घेऊन आली. मी तिचे तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणातील तपासण्यांच्या नोंदींचे सरकारी कार्ड, उघडले, तर आत गोळ्यांची पट्टी निघाली आणि तिच्यात तीन गोळ्या तशाच होत्या. जळजळ थांबली, मग उरलेले औषध बाळाच्या अंगी कशाला लावायचे, असे सासूबाईंचे म्हणणे होते. शिवाय विड्यांचा आकडा पुरा व्हावा म्हणून ती मांडीवरचे सूप तासन्‌तास खाली ठेवत नसे आणि उठावे लागू नये म्हणून पाणीच पीत नसे. मी सासूबाईंना समोर बसवून सांगितले की, औषध अर्धवट सोडले तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात. त्या म्हणाल्या, “मग सुपाजवळ तांब्या मी भरून ठेवतो, बघतो कशी पीत नाही ते!” गोळ्या पुऱ्या झाल्यावर लघवीचे कल्चर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी, पुन्हा केले, ते स्वच्छ आले, तरीही त्रास तिनदा झालेला असल्याने बाळंतपणापर्यंत रोज रात्री औषधाची छोटी मात्रा चालू ठेवली.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे मूत्रनलिका सैलावतात, वाढते गर्भाशय त्यांच्यावर दाबते आणि लघवी तुंबून जंतूंना फावते. कधी जळजळ नसतानाही जंतू असतात, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतच, मधल्या धारेची लघवी घेऊन, कल्चर करावे. पुन्हा सांगते, त्रास नसला तरी करावे. लघवी रोखू नये, संबंधानंतर लघवीला जावे, शौचानंतर पुढून मागे धुवावे. पण बाजारात आणि बसस्टँडवर बायकांना स्वच्छ संडासच नसेल, तर ‘रोखू नका’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे? ग्रामपंचायतींनी गावच्या स्वागतकमानी उभारण्याआधी संडास बांधावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणू नका. कोणते औषध चालेल हे महिन्यानुसार बदलते. आणि थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा कमरेत दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो आणि त्याने दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.