तलावाच्या गाळातले रसायन

श्रोते हो, नमस्कार.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत राहणाऱ्यांना मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव, काय असतात हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तलावात पाणी किती आहे आणि ते कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, केव्हा मिळणार, याची चर्चा गावात दरवर्षी होते. पण ते पाणी कसे आहे, हा प्रश्न बहुधा मासे मेल्यावरच निघतो. आज मला त्याच प्रश्नाविषयी, आणि विशेषतः तळाशी बसलेल्या गाळाविषयी बोलायचे आहे.

आभाळ दोन-तीन दिवस झाकोळलेले राहिले आणि वारा पडला, की हिरव्यागार झालेल्या तलावात पहाटे रोहू आणि कतला वर येऊन तोंड उघडू लागतात, आणि कधी कधी उजाडेपर्यंत मरून तरंगतात. कोणी तरी विष टाकले असा संशय लगेच येतो. परंतु विषाचा थेंबही न पडता हे घडू शकते. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते, पण रात्री तेच शेवाळ, मासे आणि गाळातले जिवाणू असे सगळे मिळून तो वापरतात, म्हणून सूर्योदयापूर्वी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा पहाटे मरळ मात्र तगून राहते, कारण ती थेट हवेतून श्वास घेऊ शकते.

मग एवढे शेवाळ येते कोठून? कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली सरोवरे आहेत. त्यांपैकी २२६ क्रमांकाचे सरोवर १९७३ साली मध्ये पडदा टाकून दोन भागांत विभागण्यात आले. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका भागात कार्बन व नायट्रोजन, तर दुसऱ्या भागात या दोहोंबरोबर फॉस्फरसही टाकला. फॉस्फरस मिळालेला भाग निळ्या-हिरव्या शेवाळाने भरून गेला, दुसरा तसा झाला नाही. आपण धानाला देतो त्या डीएपी खतात १८ टक्के नायट्रोजन आणि ४६ टक्के स्फुरद असते, आणि स्फुरद म्हणजे हाच फॉस्फरस, फक्त खताच्या पिशवीवर तो ऑक्साइडच्या (P2O5) रूपात मोजलेला असतो. जोराच्या पावसात बांधीतली माती वाहून तलावात उतरते, तेव्हा मातीच्या कणांना चिकटलेला फॉस्फरसही तिच्याबरोबर येतो.

येथे गाळाचे महत्त्व कळते. तळाशी प्राणवायू असतो तोपर्यंत गाळातले लोह फॉस्फरसला धरून ठेवते. तो संपला की लोहाचे रूप बदलते, पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात मिसळतो. इंग्लंडमधील सरोवरांवर काम करणाऱ्या मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये ही प्रक्रिया सविस्तर मांडली होती. म्हणजे खत घालणे आज थांबवले, तरी मागच्या अनेक वर्षांचा साठा तलावाला हिरवा ठेवू शकतो. गाळ काढून शेतात पसरणे ही आपली जुनी रीत त्यामुळेच मला फार शहाणपणाची वाटते; त्याने तलाव तर खोल होतोच, शिवाय तलावात नको असलेला फॉस्फरस शेताला परत मिळतो. मात्र पोकलेन लावून तळ सपाट खरवडणे मला मान्य नाही. तळाच्या वनस्पती गाळ धरून ठेवतात, पाण्यातली पोषकद्रव्ये घेतात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात. त्या गेल्या की उथळ तलाव गढूळ होतो आणि तसाच राहण्याकडे त्याचा कल असतो. भंडारा-गोंदियातील काही तलावांत मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातील महिलांनी बेशरम नावाचे फोफावणारे झुडूप उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आहेत, आणि त्यांचे हे काम शास्त्राच्या कसोटीवरही योग्य आहे.

या पाण्याचा प्रवास तलावाच्या पाळीशी थांबत नाही. सांडव्यावरून निघालेले पाणी नाल्यांनी वैनगंगेत जाते, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात पोहोचते. किनाऱ्यालगतच्या समुद्रात शेवाळाची वाढ बहुधा नायट्रोजनवर अडलेली असते, म्हणून तेथे युरियाचा हिशोब अधिक महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील शेतांतून वाहून आलेल्या नायट्रोजनमुळे मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात प्राणवायू फारच कमी असलेला मोठा पट्टा तयार होतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरातील किनारी पाण्यात असे ४०० हून अधिक प्रदेश नोंदले गेले.

आपल्या तलावाची तपासणी गावातली शाळाही सुरू करू शकते. इटालियन शास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. तलावांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, आळीपाळीने काळे-पांढरे चतुर्थांश रंगवलेली तबकडी घ्यावी, तिला वजन बांधावे आणि खुणा केलेल्या दोरीने ती नावेच्या सावलीच्या बाजूने पाण्यात सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली, आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, या दोहोंची सरासरी वहीत लिहावी. मोजमाप दर पंधरवड्याला, त्याच जागी, भर दुपारी करावे. सोबत आधीच्या आठवड्यात पाऊस पडला का आणि बांधीत खत केव्हा टाकले, हेही नोंदवावे, म्हणजे पाणी कशामुळे हिरवे झाले आणि कशामुळे केवळ गढूळ झाले, हे वर्षअखेरीस वेगळे ओळखता येईल.